केतकीचं नवं बेट

तारनाका, रविवार, दिवेलागण

मन लागत नाहीये. केतकी नोकरीसाठी बंगलोरला गेल्यापासून दर रविवारी आम्ही मायलेकी त्या ऑनलाइन खेळात भेटतो, नदीकाठच्या गावात. पण या आठवड्यात खेळात नवं बेट आलं, सगळे खेळणारे तिकडे गेले, आणि आमचं गाव ओस पडलं.

महिनाभर मासे पकडून मी तिच्यासाठी खेळातलं सूप करून ठेवलं होतं. दिवाळीचा डबा भरावा तसं, ऐंशी वाट्या. तिने इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिहिलं, "आई, नक्को गं इतकं. नव्या बेटावर या सुपाने काहीच ताकद येत नाही."

सूप तर तेच आहे. वाटीही तीच. मोजमाप तेवढं बदललं. मग मला एवढं का लागावं?

त्या बेटावर जाण्याइतकी माझी पातळी नाही. ती म्हणाली, "मी थांबते ना तुझ्यासाठी." थांबलीही असती. तेच नको वाटलं. "तू हो पुढे," मी लिहिलं. लगेच गेली. जरा जास्तच लगेच.

मग मी एकटीच नदी ओलांडून जंगलात शिरले. आजवर केतकी पुढे असायची. लांडग्याने मला दोनदा मारलं. तिसऱ्यांदा मी त्याला मारलं आणि ओरडलेच. हे स्वयंपाकघरातून धावत आले, "काय, पाल दिसली?"

"लांडगा," मी म्हटलं.

केतकीला इतक्यात सांगणार नाही.