नोव्हेंबरच्या पानावरची रेघ

विंटर्सवाइक,
४ ऑक्टोबर १९९८

प्रिय वेसेल,

स. न. आणि आईच्या वाढदिवसाबद्दल तुझं अभिनंदन. काल रीतीप्रमाणे इतक्या जणांनी तिच्याबद्दल माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, की अठ्ठ्याहत्तर वर्षं मीच पूर्ण केली असं वाटू लागलं. खुर्च्या नेहमीसारख्या गोल मांडल्या होत्या. तुझी रिकामी होती. आई म्हणाली, त्याला दुःख झालेली माणसं लागतात, वाढदिवसाला तो कशाला येईल?

आता कामाचं. आईच्या वृद्धाश्रमातल्या वाचनमंडळानं या हिवाळ्यासाठी तुझं 'मागे राहिलेले' निवडलं आहे. तिच्या समोरच्या खोलीतल्या ब्राकेबाईंनी ही बातमी आईला अशी सांगितली, जणू पुस्तक त्यांनीच लिहिलं आहे. आईला आता अक्षरं दिसत नाहीत. मधोमध काळा डाग आणि कडेला थोडं जग, एवढंच. म्हणून तिनं मला कामाला लावलं. दर मंगळवारी कॉफीनंतर एक प्रकरण मोठ्यानं वाचायचं. पहिलं झालं. तिचं मत असं पडलं, की पोरगा लिहितो बरं, पण एकच गोष्ट तीनदा सांगतो, जेवतानाही असाच होता. दुसरं परवा.

तिसरं तेरा तारखेला. ते मी आधी वाचून ठेवलं. तू गावाचं नाव बदललंस, आपल्या लीनचं नाव बदललंस. बाकी सगळं आपलंच घर. सायकलवरून जाताना दुधाच्या गाडीखाली सापडलेली मुलगी. दफनाच्या दुसऱ्या दिवशी संडासातल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर तिच्या नावावर मारलेली रेघ. ती रेघ मारून पुन्हा कधीही मुलीचं नाव न घेणारी आई. तिला तू 'रेघ मारणारी आई' म्हणतोस. परवा रेडिओवर कुणीतरी ते शब्द वापरले, म्हणीसारखे.

हे मी तिच्यासमोर बसून कसं वाचू? तिला आयुष्याच्या शेवटी मुलाचं मत असं कळावं का? मी थकले आहे, वेसेल. शाळा, मग तिचे कपडे, मग डोळ्यांतले थेंब, आणि आता हे. फोन करू नकोस. फोनवर तू डॉक्टर होतोस. लिही.

लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी आलेदा


उट्रेख्त,
८ ऑक्टोबर १९९८

प्रिय आलेदा,

अनेक आशीर्वाद, आणि उशिरा का होईना, आईबद्दल तुझंही अभिनंदन. शनिवारी झ्वोलेला व्याख्यान होतं. सोमवारी दुसरीकडे. आठवी आवृत्ती आल्यापासून मी प्रत्येक गावात तोच पाण्याचा पेला पितो आणि तीच गोष्ट सांगतो. रेघेपाशी आलो की सभागृह श्वास रोखतं. तो आवाज मला आता आधीच ऐकू येतो. कधीकधी वाटतं, त्या आवाजासाठीच सांगतो. पुढे काय बोलतो ते माझंच मला ऐकू येत नाही.

पण मी तिला दोष दिलेला नाही. नीट वाच. काही माणसं दुःखाला कुलूप लावतात आणि मग किल्ली कुठे ठेवली ते विसरतात, असं लिहिलं आहे. आणि मनानं काही लिहिलेलं नाही. त्या सकाळी रेघ मी पाहिली आणि न्याहारीच्या टेबलाशी विचारलं, हे कुणी केलं? बाबा ताटात बघत राहिले. आईनं पळी खाली ठेवली आणि म्हणाली, मी. एवढंच. मी चौदा वर्षांचा होतो. त्या एका शब्दामुळे मी दुःखाचं मानसशास्त्र शिकलो, असं मी मुलाखतीत सांगतो. ते खरंही आहे.

मात्र तिची परवानगी घ्यायला हवी होती. घेतली नाही. ती नाही म्हणाली असती, म्हणून.

तिसरं प्रकरण गाळ. दुसऱ्यावरून सरळ चौथ्यावर जा. ते मला सगळ्यांत कंटाळवाणं वाटतं, तिला झोप लागेल.

तब्येतीला जप. माझ्यावरचा राग थोडा बाजूला ठेवता आला तर ठेव.

वेसेल


विंटर्सवाइक,
१४ ऑक्टोबर १९९८

प्रिय वेसेल,

स. न. तू जगाला पुस्तकं शिकवतोस, आणि स्वतःच्या पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य तुला आठवत नाही. ते असं आहे: 'मागच्या प्रकरणातल्या आईला आपण तिच्या बंद दाराशी सोडलं.' मी ते मोठ्यानं वाचून मोकळी झाले. आईनं मान वळवून डोळ्यांच्या कडेनं माझ्याकडे पाहिलं. विचारलं, कुठली आई? मी म्हटलं, बांधणीत पानं गळाली आहेत. ती म्हणाली, असं होय. मग बिस्किटाच्या डब्याचं झाकण लावलं आणि आज पुरे म्हणाली.

रात्रभर विचार केला. आता सांगते. सदतीस वर्षं पूर्ण होण्याआधी सांगून टाकते.

ती रेघ मी मारली.

लीन पाच तारखेला गेली. तिचा वाढदिवस चौदाला होता. कॅलेंडरचं नोव्हेंबरचं पान उघडंच होतं. त्या दिवसांत आई संडासात जायची आणि बाहेर यायची नाही. मी दाराशी उभी राहायची. आतून काही ऐकू यायचं नाही, ते सगळ्यांत वाईट होतं. मला वाटलं, ती त्या नावाकडे बघत बसते. नाव नसलं तर बाहेर येईल. अकरा वर्षांच्या पोरीचा हिशोब. दफनाच्या रात्री मी शाळेची पट्टी नेली आणि निळ्या पेननं रेघ मारली. पट्टी लावून, वेसेल. मोठी बाई रागानं किंवा दुःखानं रेघ मारेल तेव्हा पट्टी शोधेल का? त्या कॅलेंडरवर वार नाहीत, त्यामुळे ते कधी जुनं झालं नाही. आईच्या आताच्या खोलीतल्या संडासातही तेच टांगलेलं आहे. तू मानसशास्त्रज्ञ. इतकी वर्षं त्याच्यासमोर बसलास.

तू विचारलंस तेव्हा मीही टेबलाशी होते. आई 'मी' म्हणाली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, सुटले. नंतर बोलायची वेळ गेली ती गेलीच. मग तुझं पुस्तक आलं, आणि आता ते देशभर पोचलं आहे.

तुझा लोभ यानंतर राहील का, ते मला माहीत नाही. राहिला तर बरं.

आलेदा


उट्रेख्त,
१७ ऑक्टोबर १९९८

प्रिय आलेदा,

अनेक आशीर्वाद. पत्र उभ्यानं वाचलं. मग बसून.

काल व्याख्यानात रेघेपाशी आलो आणि पुढचं वाक्य बोलता येईना. पाणी प्यायलो. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी मदत म्हणून ते वाक्य मला सांगितलं.

अकरा वर्षांच्या मुलीवर कुणी रागावतं का? मी माझ्यावरही नीट रागावू शकत नाही, तेवढी ताकद उरलेली नाही. एका शब्दावर मी घर बांधलं आणि त्यात लोकांना राहायला बोलावलं.

मंगळवारी मी येतो. तिसरं प्रकरण मी वाचेन, आहे तसं. ते तिच्याबद्दल आहे, तेव्हा तिनं माझ्या तोंडून ऐकावं. मग मी खरं सांगेन, तू परवानगी दिलीस तर. नववी आवृत्ती निघण्याआधी दुरुस्तीही करेन. तू खोलीत थांब किंवा थांबू नकोस. तिला आधी सांगू नकोस.

माझा लोभ होता तिथेच आहे.

वेसेल


विंटर्सवाइक,
२३ ऑक्टोबर १९९८

चि. वेसेल,

आशीर्वाद. जाड पेननं लिहिते आहे. ओळी एकमेकींवर चढल्या तर समजून घे.

मंगळवारी तू वाचलंस ते मला नवीन नव्हतं. पुस्तक आलं त्याच महिन्यात ब्राकेबाईंनी मला ते प्रकरण वाचून दाखवलं होतं. बाई म्हणाल्या, कसली दगडाची आई! मी म्हटलं, असतात अशा. आलेदाला वाचायला मी मुद्दाम सांगितलं. तुम्हां दोघांपैकी कोण आधी बोलतं ते बघायचं होतं. फार वेळ लावलात.

रेघेच्या आधी तू थांबलास आणि आलेदा दारात रडू लागली, तेव्हा मी बिस्किटं पुढे केली. दुसरं काय करणार? पट्टी तिच्या दप्तरात मला तेव्हाच, दफनाच्या दुसऱ्या दिवशी, दिसली होती. शाई पुसली नव्हती.

पुस्तक सुधारायचं तर सुधार, पण आलेदाचं नाव घालू नकोस. आणि मी लीनचं नाव घेतलं नाही, हे तू लिहिलंस ते मात्र खरं आहे. मी घेतलं असतं तर आलेदा रडली असती. पुढे सवय झाली.

चौदा नोव्हेंबरला शनिवार आहे. व्याख्यान ठेवू नकोस. केकचं मी स्वयंपाकघरात सांगून ठेवलं आहे. खुर्च्या तीनच मांडायच्या. आत आलास की आधी माझा हात हातात घे आणि लीनबद्दल माझं अभिनंदन कर. मग आलेदाचं. सदतीस वर्षं कुणी केलेलं नाही.

लवकर ये, म्हणजे कॉफी गरम मिळेल.

तुझी आई