अवसेच्या ओहोटीचे शेवाळ

चामराजपेट, बंगळूर
२ फेब्रुवारी १९६३

ती. कृष्णाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.
तू मालवणच्या खडकांवरून काढून पाठवलेल्या शेवाळाने कमाल केली. आम्ही काचेच्या बशीत जंतू वाढवतो आणि मधोमध शेवाळाच्या अर्कात भिजवलेली कागदाची चकती ठेवतो. तिच्याभोवतीचे जंतू मेले की तेवढा गोल स्वच्छ दिसतो. तुझा गोल पेढ्याएवढा आला! आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर रघुपती सहसा मान वर करत नाहीत, तेही उठून बघायला आले. माझी जागा तात्पुरती. मार्चअखेर समितीला काही दाखवले तरच राहील. आता राहील असे वाटते.
तुझी लाडकी,
नीला

मालवण
८ फेब्रुवारी

चि. नीलास अनेक आशीर्वाद.
झुरळाला भिऊन माडीवर पळणारी तू, आता जंतू पाळतेस आणि मारतेस! मला तुझा फार अभिमान वाटतो, हे सरळच लिहिते. शेवाळ नीट पोहोचले म्हणायचे. कीड लागू नये म्हणून मी त्यावर निरगुडीचा पाला कुटून भुरभुरला होता, आपण तांदळात घालतो तसा. जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी आत्या

बंगळूर
१३ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.
पाल्याचे वाचले आणि हातातला चहा तसाच राहिला. निरगुडीही जंतू मारते. मग तो गोल कुणाचा? क्षणभर वाटले, पत्र फाडून टाकावे. मग तेच घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वहीतला निकाल खोडला आणि ‘स्वल्प ताळी’ एवढेच म्हणाले, म्हणजे जरा दम धरा. चूक माझी, कसे बांधायचे ते मीच सांगितले नव्हते. पुन्हा पाठवशील? सावलीत वाळव, पाला नको.
नीला

बंगळूर
३० मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.
शेवाळासोबत तुझी एकच ओळ होती, पाला घातलेला नाही. बाकीचे तुझ्या लेकाने, रत्नाकरने कळवले. साठीची तू अवसेच्या ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरलीस आणि वाळेपर्यंत आठ दिवस सुपापाशी बसून एकेक किडा वेचलास. आत्या, एवढी चिकाटी आमच्या प्रयोगशाळेत कुणाची नाही.
नवा गोल लहान आहे, सदऱ्याच्या बटणाएवढा. पण तो शेवाळाचाच. काल समितीला तोच दाखवला आणि मला आणखी एक वर्ष मिळाले. नोंदवहीत नमुना कुणी गोळा केला, तिथे नेहमी संस्थेचे नाव असते. डॉक्टरांनी मला तुझे पूर्ण नाव विचारले आणि स्वतःच्या हाताने लिहिले. माझे नाव त्याच्या खाली आहे.
तुझ्या मायेला कधी ओहोटी लागू नये, एवढेच मागणे.
तुझी,
नीला