टोक नसलेलं बोट

२ जून १९५८, सोमवार
आले बाई एकदाची तंजावरला! कुंभकोणमला यजमानांमागं फोटोचा स्टुडिओ बंद पडला, तेव्हापासून हात नुसते शिवशिवत होते. बहिणीच्या मुलीनं, सुंदरीनं, तिच्या दातांच्या डॉक्टरांकडे, गुरुमूर्तींकडे, माझ्यासाठी शब्द टाकला. ती त्यांची मदतनीस, आता मी एक्स-रे धुणारी. राजवाड्यामागच्या गल्लीत पुढं दवाखाना, मागं आम्हा दोघींची खोली. डॉक्टर आपल्यातलेच, इथले मराठी, मला अक्का म्हणतात. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरं गिरवलेल्या बाईला एवढा मान!
सुंदरीनं बोटांची टोकं मरुदाणीनं, मेंदीनं हो, लालभडक रंगवलीत. आवणी महिन्यात लग्न आहे तिचं. मी चिडवलं, की नवऱ्याला आतापासूनच बोटांवर नाचवणार वाटतं. ती हसली नाही.

५ जून
फिल्म म्हणजे टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढी, काळ्या कागदात गुंडाळलेली. तिच्या कोपऱ्यात एक टिंब उठलेलं असतं. ते एक्स-रेच्या नळीकडे ठेवायचं, म्हणजे डावं-उजवं मागाहून कळतं. फिल्म दातामागं बसवून बोटानं दाबायची, बाहेरून गालाला नळी. मग पुढं अंधाऱ्या खोलीत कडी लावून माझं राज्य! लाल दिवा, चित्र उमटवणारा डेव्हलपर, पाणी, मग ते पक्कं करणारा हायपो. फिल्म हायपोत असते तोवर मी तिथंच बसून ही वही लिहिते. वाळलेली फिल्म दिव्याच्या दुधी काचेवर धरली की दाढांची मुळं पांढरी, कीड काळी. शेवटी रोग्याच्या नावाच्या पाकिटात घालून खणात ठेवायची. लेकरं निजवावीत तशी निजवते एकेक.
आज मात्र एका फिल्मवर दाढेशेजारी बोटाचं हाड उमटलं. डॉक्टर म्हणाले, सुंदरीचं बोट पुढं घसरलं असेल. सुंदरी म्हणते, मौशी, माझं बोट फिल्मच्या मागंच होतं.

६ जून, शुक्रवार
सुंदरीला तेल लावून न्हाऊ घालताना तिचा उजवा हात पाहिला. मरुदाणीखाली तर्जनीचं नख काळ्या रेघांनी चिरलेलं, कातडी वाळल्या चिखलासारखी तडकलेली. प्रत्येकाच्या तोंडात फिल्म तीच धरते! रंग लावायची युक्तीही डॉक्टरांचीच. रोग्यांना किळस नको म्हणून! अंगाची लाही लाही झाली माझ्या.
सुंदरी सांगते, तिच्याआधी डॉक्टरांची भावजय वसुमती धरायची. तिच्या बोटाचं टोक कापावं लागलं, मग हात, मग गेलीच बिचारी. डॉक्टर गावभर सांगतात, विळीवर कापलं.
तडक जाऊन विचारलं. म्हणाले, अक्का, एक्स-रेच्या उजेडानं कधी कुणी भाजतं का? मी म्हटलं, मग यंत्र चालू करताना तुम्ही दाराआड का उभे राहता? त्यावर म्हणे, काफी घ्या.

१० जून
एक जुना रोगी आला. खणातून त्याचं पाकीट काढलं, तर फिल्मवर बोट. दुसरं उघडलं, बोट. मी स्वतः पुसून ठेवलेल्या, स्वच्छ फिल्मा! सगळ्यांवर तेच. शेवटचं पेर नाही. सुंदरीची बोटं तर पुरी आहेत.
डॉक्टरांना दाखवलं. तोंड पांढरं झालं. म्हणाले, जाळा.
नाही जाळत जा!

१२ जून
सुंदरीला ओरत्तनाडूला माझ्या भावाकडे धाडलं. म्हटलं, रड तिकडं जाऊन, पण हात घेऊन जा. तर हा मेला डॉक्टर म्हणतो, सोमवारी ती परत आली नाही तर तिच्या सासरी जाऊन सांगतो, मुलीच्या हाताला रोग आहे. स्वतः लावलेला रोग! ह्याला अहो-जाहो आजपासून बंद.
आज फिल्मा रोग्यांनीच धरल्या. बोट आहेच. पण वाकलेलं. काहीतरी शोधतंय.

१४ जून, दुपार
आज डॉक्टरचीच दाढ ठणकतेय. मला म्हणाला, धरा. मी म्हटलं, उजेडच ना, धर की स्वतः. चिडून धरली, कळ मी दाराआडून दाबली. पहिली फिल्म झरोक्यातून आत दिली, दुसरी तोंडात धरून बसलाय —
हायपोत आहे. दिसतंय. त्याचं बोट. आणि त्याच्याभोवती वळलेली दुसरी बोटं. एकाला टोक नाही. घट्ट —
बाहेर खुर्ची पडली. माझ्या दारावर लाथा. बोलत नाही. कसा बोलेल, बोट तोंडातून निघत नाहीये —
भोग म्हणावं. सुंदरीचा हात वाचला. भोग.

त्याच्या घशात घुरघुर. नाही ग वसुमती. राग मलाही आहे, पण माणूस असा डोळ्यांदेखत — उठते. कडी काढते.

डावा हात हायपोत. फिल्म उचलायला घातला होता. वर येत नाही. गार काहीतरी —
वसुमती, सोड. दार उघडू दे. मी सुंदरीची मौ