डाव्या हाताची निब

३ नोव्हेंबर
वाचनालय दहाला उघडलं. वाचक तीन. दोघं पेपर वाचायला, तिसरा मोबाइल चार्ज करायला.
दुपारी काळा पेन उघडला. निब आणि तिच्याखालची शाई पुरवणारी जीभ कोमट पाण्यात टाकली. वर्षभराची वाळलेली शाई धाग्याधाग्याने सुटत होती, ते बघत बसलो. सुमन म्हणते, "घरी दोन कप विसळा म्हनलं त कंबर दुखते, आन् तिथं दिवसभर पेन धुता." खरं आहे. बायको खोटं कधी बोलत नाही, हाच त्रास आहे.
ग्रंथपाल म्हणून माझी मुदत मार्चपर्यंत. वाचनालयाच्या समितीने आणखी तीन वर्षं तोंडी कबूल केलीत. मले दुसरं काही नको. हे खिडकीजवळचं टेबल राहू द्या, बस.

६ नोव्हें.
देवराम (या वहीत नेहमी दे.) आला अड्याळहून, यष्टीने. तिकडे धानाची कापणी जोरात, माणूस मिळत नाही म्हणे. समितीचा सदस्य म्हणून येतो, पण खरा येतो पेनासाठी. बावीस वर्षं झाली.
डावखुरा. शाळेत मास्तरांनी छड्या मारून उजव्या हाताने लिहायला लावलं, शाळा सुटली तसा परत डाव्यावर आला. डाव्या हाताला शाईचा पेन सहसा मानवत नाही, निब कागदात रुतते. म्हणून त्याची निब मी तिरपी घासून दिली, पॉलिश पेपरवर, तीन रविवार घालवून. अशी निब पवनी-अड्याळात दुसरी नाही. शाईपण माझीच: निळ्यात हिरव्याचे चार थेंब. बाटल्या दोन. एक माझी, एक दे.ची.
सुनेचा, प्रणालीचा, ग्रंथालयाचा कोर्स झाला. "आता तिले कुठं लागलं पायजे," म्हणाला. लागेल ना, म्हटलं. चहा अर्धा टाकून गेला.

११ नोव्हें.
अध्यक्षांनी घरी बोलावलं. माझ्याविरुद्ध बिननावाचा अर्ज. वाचून दाखवला. ग्रंथपाल वाचनालयात पेन दुरुस्त करत बसतात. टेबलावर शाई सांडते. वाचकाने पुस्तक मागितलं तर 'थांबा' म्हणतात. यांना मुदतवाढ देऊ नये, शिकलेल्या तरुण उमेदवाराला संधी द्यावी.
अध्यक्ष म्हणाले, "मनाले लावून घेऊ नका भाऊ. पन चोवीसले मिटिंग आहे, लेखी खुलासा आना."
खोटं असतं तर एवढा चिडलो नसतो.

१२ नोव्हें.
दे.ला फोन.
"कोन असंन गा असा?"
"सोड ना. लोकं रायतेच असे."
खुलासा लिहायला बसू दोघं मिळून, म्हणाला. जरा बरं वाटलं. आपला माणूस आहे.

१४ नोव्हें.
खुलाशासाठी अर्जाची प्रत मागितली. झेरॉक्सवाला कापणीला गेलेला. अध्यक्षांनी मूळ कागदच दिला, जपून वापरा म्हणाले.
खिडकीशी नेला. शाई निळी. कडेला हिरवी झाक.
दोनदा चष्मा पुसला.
अक्षर ओळखीचं नाही, पहिलीतल्या पोराने काढल्यासारखं. पण रेघा बघितल्या. जिथे बारीक यायला पाहिजे तिथे जाड, जिथे जाड तिथे बारीक. कागद ओरबाडलेला, शाईचे शिंतोडे. डाव्या हाताची तिरपी निब उजव्या हातात धरून रेटली की हेच होतं. मला नाही कळणार तर कोणाला. मीच घासली.
उजव्या हाताने लिहिला. छड्या कामी आल्या.
जेवलो नाही.

१५ नोव्हें.
देवराम. यापुढे पूर्ण नाव. दे. आपल्या माणसाला लिहायचं असतं.
आणखी एक आठवलं. अर्जातलं ते 'थांबा': एक बाई पाककृतीचं पुस्तक मागत होत्या, मी दोनदा 'थांबा' म्हटलं, तो दिवस. तेव्हा माझ्या हातात कोणाची निब होती? देवरामची. तो समोर बसला होता, "आरामानं कर, घाई नाई," म्हणत.
आणि बिननावाचा अर्ज शाईच्या पेनाने लिहितात का बे? चौकात कोणत्याही दुकानात बॉलपेन मिळतो. पण नाही झालं त्याच्याने. मेलो तरी बॉलपेनला हात लावणार नाही असं आम्ही दोघंच म्हणत होतो ना. माझा गळा कापायचा तोही चांगल्या निबेने. हसू आलं. मग त्याहून जास्त राग आला.
सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "सुनेसाठी केलं असंन. तोंडानं मागतलं असतं त तुम्ही टेबल सोडलं असतं का?"


१९ नोव्हें.
देवरामचा फोन तीनदा. उचलला नाही. खुलासा कोरा.

२१ नोव्हें.
आला. देवरामने पेन काढून समोर ठेवला.
"कागदाले ओरबाडून राहिला गा. पाहून दे ना."
भिंग लावलं. निबेच्या टोकाच्या दोन पाकळ्यांपैकी एक वर उचललेली, फटीत कागदाचे तंतू. रेटून लिहिल्याशिवाय अशी होत नाही.
"कोनाले देला होता का?"
"नाई. माझ्याशिवाय कोन लिहिते याच्यानं?"
नजर पेनावरच. मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. शब्द तोंडात होते. निघालं काय, तर "ठेवून जा, मिटिंगच्या आधी घेऊन जाजो." थू माझ्या तोंडावर.
दारात थांबला. "खुलासा चांगला लिही," म्हणाला.
याला निब कळते. काय झालं ते माझ्या भिंगाखाली दिसणार हे याला माहीत नाही असं नाही. मग काहून आणला? मी बोलावं म्हणून? की बावीस वर्षं मी सगळं ठीकच करून देत आलो म्हणून?

२३ नोव्हें.
निब सरळ केली. पाकळी बसायला दोन तास. डाव्या हातात धरून रेघा ओढून पाहिल्या. शाई भरली, माझ्या बाटलीतून. ज्याने माझं टेबल मागितलं त्याचा पेन मी त्याच टेबलावर घासून राहिलो. माझ्यासारखा बावळट मीच.
उद्या अर्ज समितीसमोर असणार, बाजूला हजेरीचं रजिस्टर. त्यावर देवरामची सही, याच पेनाने, याच शाईत. पाच जण बसतील. त्यात ही शाई ओळखणारे आम्ही दोघंच. मी एक वाक्य बोललो तर तो संपला. त्याच्यासोबत ती पोरगीही बदनाम, तिला यातलं काही ठाऊक आहे की नाही देव जाणे. नाही बोललो तर टेबल गेलं.
खुलाशाच्या अडीच ओळी झाल्या. पेन दुरुस्त करतो हे खरं. थांबा म्हणतो हेही खरं. अर्ज कोणी लिहिला हे मला
इथे हात थांबला.

२४ नोव्हें., सकाळ
देवराम साडेदहाला आला. पेन दिला. टोपण काढून त्याने समोरचाच कागद ओढला, कोपऱ्यात चालवून बघायला, डाव्या हाताने. तो माझा खुलासा होता. अडीच ओळी वाचल्या. पेन कागदाला लागला नाही.
टोपण लावलं. खिशात नाही ठेवला, टेबलावर ठेवला, माझ्याकडे सरकवला.
मग म्हणाला,
"सहीसाठी एखादा बॉलपेन आहे का गा तुझ्याजवळ?"
म्हणजे आजची सही अर्जाच्या शाईशी जुळू नये. माफी मागेल असं वाटलं होतं. आत्ता, दोन मिनिटांपूर्वीपर्यंत वाटत होतं.
ड्रॉवरमध्ये एक आहे, कोण्या वाचकाचा विसरलेला. मी म्हटलं, "थांब."
तो बाहेर बाकावर बसला आहे. अकराला दहा कमी. अध्यक्षांची गाडी आली. ड्रॉवर अजून उघडला नाही, आणि मी हे लिहून राहिलो.