तीन ठळक प्रती

चि. छकुलीस,
मामाचे आशीर्वाद.

प्रिंट काढायला तू दिलेला विद्यापीठाचा पासवर्ड मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर तसाच ठेवला. त्यावरून हक्क राखीव असलेली पुस्तकं उतरवली, तुझ्या अख्ख्या वर्गाला वाटली आणि पुण्य केल्याच्या थाटात मिरवलो.

आज विद्यापीठाच्या नेटवर्कचे साहेब कारकुनाला घेऊन एका नोटिशीच्या झेरॉक्सला आले. माझे कान तिखट, मशीनच्या घरघरीतही ऐकलं.

"मुलगी हुशार दिसते हो," कारकून म्हणाला.

"असेल. प्रकाशकाची तक्रार आलीय, परीक्षेला बसवता येणार नाही."

नोटिशीवर तुझं नाव होतं. दुकान विद्यापीठाच्याच आवारात, खरं बोललो तर तेच जाईल, म्हणून मी हसून एवढंच विचारलं, "किती प्रती, साहेब?"

तीन काढल्या. चांगल्या ठळक आल्या.

हे पत्र खणातच राहील. उद्या नोटीस हातात पडली, की तू सल्ल्याला माझ्याकडेच धावत येशील.

तुझा,
मामा