तीनचा भोंगा, काळी एक

चिखली,
९ ऑक्टोबर २०२४

चि. अपेक्षास मामाचे अ. उ. आ.

काल दिव्याला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. नातीचं नाक माझ्यावर गेलं नाही म्हणून तुझी मामी गल्लीभर पेढे वाटत फिरते आहे. वाटू दे.

तू म्हणशील, बहिणीला मुलगी झाल्याचं पत्रानं काय कळवता, मामा? बातमी तुला कालच फोनवर कळली हे मला ठाऊक आहे. पण फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि रेडिओला फर्माईशीची पोस्टकार्डं टाकण्यात माझी जवानी गेली. गाण्याच्या गप्पा कागदावरच रंगतात. शिवाय तुमच्या हिंजवडीच्या ट्रॅफिकपेक्षा पोस्टमन लवकर पोचतो.

तर आजचा माल. परवा शेजारच्या हळदीत बँडवाल्यांनी चक्क काकड्याचा अभंग वाजवला, तोही नाचायच्या ठेक्यात. पोरं बेभान नाचली. मी मनातल्या मनात देवाची माफी मागितली आणि मान डोलावली. चाल पक्की असली की तिला कुठलेही कपडे चढवा, शोभतात.

दुसरी गंमत जुनी आहे. दापोडीला आमच्या भजनी मंडळाकडे पेटी नव्हती, तेव्हा कारखान्याचा तीनचा भोंगा झाला की त्यावर आम्ही सूर धरायचो. पुढे वर्गणी काढून पेटी आणली आणि भोंग्याशी ताडून पाहिली, तर नेमकी काळी एक! बाकीची दापोडी भोंग्यावर घड्याळ लावायची, आम्ही गळा लावायचो.

बारसं १७ नोव्हेंबरला, रविवारी. तुझ्या आईनं, माझ्या रंभानं, तुझ्यासाठी जुळवलेला पाळणा आपल्या घरी प्रत्येक बारशाला कॅसेटवर वाजतो. या वेळी तो तू म्हणावास अशी मामीची इच्छा आहे. माझी फर्माईशही तीच.

तुझ्या बाबांना, जयदीपरावांना, नमस्कार सांग. लोभ उतू जाऊ दे, पण कमी करू नकोस.

तुझा,
भिमामामा


हिंजवडी,
१७ ऑक्टोबर २०२४

ती. मामांस अपेक्षाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बाबांनी आधी फोडलं आणि काकड्याच्या अभंगावर स्वयंपाकघरात नाचून दाखवलं. आमच्या कॅबचा ड्रायव्हर गणराज हल्ली रोज एक गोंधळ लावतो. संबळाच्या जोडीला गिटार आहे. आधी मी नाक मुरडलं, आता तो लावला नाही तर मीच मागते. चौकातून कंपनीच्या गेटापर्यंत तो गोंधळ चार वेळा होतो, यावरून ट्रॅफिक ओळखा.

फर्माईशीचं मात्र जमणार नाही, मामा. रागावू नका. माझा आवाज जाड आहे. शाळेत बाईंनी मला समूहगीतात मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. आणि कॅसेटमधली आई कशी गाते! बारीक, लखलखीत. प्रत्येक बारशाला बायका तो पाळणा ऐकून डोळे पुसतात आणि मग माझ्याकडे बघून म्हणतात की रंभाचा गळा काही पोरीत उतरला नाही. तुमच्या शेजारच्या तानुबाईंनी तर माझ्या तोंडावर सांगितलं. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते. मला तिचं काहीच आठवत नाही. तिचा रंग माझ्याकडे नाही, केस नाहीत, आणि गळाही नाही, हे चारचौघांत पुन्हा सिद्ध करायची माझी हिंमत होत नाही.

त्यापेक्षा कॅसेट तुमच्या जावयांकडे, कुलदीपभावजींकडे, द्या. मी ती कॉम्प्युटरवर उतरवून, खरखर काढून आणते. बारशाला आईच गाऊ दे.

मामींना नमस्कार. बाळाच्या नाकाला माझा पापा. माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
अपेक्षा


चिखली,
२५ ऑक्टोबर २०२४

चि. अपेक्षास अ. उ. आ.

कॅसेट कुलदीपकडे दिली आहे. रुमालात बांधून दिली. तो हसला, हसू दे. तेवीस वर्षांत ती पहिल्यांदा माझ्या घराबाहेर चालली आहे. ए बाजूला रंभा, बी बाजू कोरी. तिच्या पाठीवर दुसरं काही भरायला मन झालं नाही.

ती कशी भरली तेही ऐक. सन २००१, दापोडीचं घर. माझी थर्ड शिफ्ट होती म्हणून दुपारी घरी होतो. तू पाळण्यात, रंभा गात होती, आणि वीज गेलेली. मला वाटलं आत्ताच भरावं. टेपमधले सेल कधीच संपले होते, ते मी पत्र्यावर उन्हात वाळत घातलेले होते. असे वाळवले की थोडा जीव धरायचे. तेच गरम गरम घातले, आणि चाकं फिरली! दुसऱ्या कडव्याला तीनचा भोंगा झाला. दुसरी कुणी थांबली असती. रंभानं हसून त्याच भोंग्याच्या सुरात पुढची ओळ धरली. वीज आल्यावर आम्ही ऐकलं तर आवाज जरा बारीक वाटला, पण टेपमध्ये सगळ्यांचाच आवाज बदलतो म्हणतात. पुढच्याच वर्षी ती गेली, मग तोच आवाज खरा.

आता एक कबुली, मामीला बोलू नकोस. चाकणला कंपनीत, प्रेस शॉपच्या दणदणाटात, कानात घालायचे बोळे मी खिशात ठेवायचो, कारण प्रेसच्या ठेक्यावर गुणगुणायची खोड. त्याचं फळ मिळालं. बारीक आवाज मला येतच नाहीत. तीन वर्षं झाली, मी ती कॅसेट लावतो आणि नुसती चाकं फिरताना बघतो. रंभा मला ऐकू येत नाही, अपेक्षा. म्हणून तुला म्हणायला सांगत होतो. तुझा जाड आवाज मला येतो.

पण जबरदस्ती नाही. लोभ धरून आहेस, तेवढं पुरे.

तुझा,
भिमामामा


हिंजवडी,
७ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत कॅसेट उतरवली. हे पत्र सावकाश वाचा आणि मामींनाही वाचून दाखवा. कबुलीचं पान मी कुणाला दाखवलेलं नाही, ही ओळ तेवढी गाळून वाचा.

भोंगा आला तिथं मी मोबाइलवरच्या पेटीशी सूर ताडून पाहिला. काळी एक नाही. पांढरी तीन निघाली, तीन पट्ट्या वर. मला वाटलं, मामांचं वय झालं. मग वाटलं, जो माणूस पोराचं रडणं कुठल्या पट्टीत आहे ते सांगतो, तो भोंगा चुकेल? तुमचं पत्र परत काढलं आणि त्या सेलांपाशी थांबले.

मामा, वाळवलेल्या सेलांवर टेप हळू फिरत होता. हळू भरलेली कॅसेट तुम्ही विजेवर लावलीत, ती पळाली. पळाली म्हणून आवाज बारीक झाला. तेवीस वर्षं आपण सगळे आईला घाईघाईनं गाताना ऐकत आलो.

मी वेग उतरवत नेला, भोंगा काळी एकला येईपर्यंत. मग पहिल्यापासून लावलं. 'तीनचा गं भोंगा झाला, मैना माझी जागू नको, पाखरा रे दारातल्या, दाणा आत्ता मागू नको.' संथ, भरलेला, जाड आवाज. बाबा स्वयंपाकघरात भांडी घासत होते. त्यांनी तिथूनच विचारलं की मी हा पाळणा म्हणायला कधी शिकले.

मी बाहेर आले आणि माझं तोंड मिटलेलं त्यांनी पाहिलं. गाणं चालूच होतं. मग आम्ही दोघं तिथंच फरशीवर बसलो आणि खूप रडलो.

कॅसेट परत करते आहे, सोबत पेनड्राइव्ह आणि मोठे हेडफोन पाठवते आहे. आवाज पूर्ण ठेवून ऐका. फर्माईश मंजूर. पट्टी काळी एक.

तुमच्या मायेची, आणि आता आईच्या गळ्याचीही,
अपेक्षा


चिखली,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. अपेक्षास अ. उ. आ.

कालच भेटलो, तरी लिहितो. समोर असलीस की मला बोलता येत नाही.

तुझे हेडफोन लावून मी आठ दिवस दाराकडे पाठ करून बसतो आहे. रंभा आली. शब्द सगळे येत नाहीत, पण तिचा तो भरलेला सूर येतो. माझ्या सख्ख्या बहिणीचा आवाज मी विसरलो होतो आणि त्या कॅसेटवर भरवसा ठेवून बसलो होतो, याची लाज वाटली. तुला जन्मभर मागच्या रांगेत उभं केलं ते शाळेच्या बाईंनी नाही, माझ्या सेलांनी. मामाला माफ कर.

काल तू पाळण्याची दोरी धरलीस आणि पहिली ओळ घेतलीस. मी मुद्दाम उजवा कान तुझ्याकडे करून बसलो होतो. तानुबाईंनी हातातला घुगऱ्यांचा वाडगा खाली ठेवला. मला म्हणाल्या, जोरात म्हणाल्या म्हणून मला कळलं, की रंभाच आली की रं भिमाजी. मामी तर अजून रडते आहे, आणि मधेच नातीचं नाक बघून हसते.

आता शेवटची गोष्ट. काल माझ्या मांडीवर उपरण्याखाली काय आहे, असं तू दोनदा विचारलंस आणि मी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. टेप होता. बी बाजू आता कोरी नाही. तिच्यावर तुझं नाव आणि तारीख घातली आहे.

वीज होती, पण म्हटलं, रीत मोडायला नको. सेलवरच भरलं. सेल मात्र कालच दुकानातून नवे आणले होते.

तुझा,
भिमामामा