तणसाचे चाक आणि दोन गावांची खीर

चांदा,
ता. ९ फेब्रुवारी १९५५

तीर्थरूप सुगंधाबाईस धाकट्या देवाजीचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

आज सकाळपर्यंतची खबर अशी की, आपला सर्वांत धाकटा भाऊ पोचू गेल्या शनिवारी एकाच दिवसात दोन गावांत नवरदेव म्हणून पसंत झाला. मूलच्या पोस्टमास्तरांनी तिला दुजोरा दिला आहे. दोन्हीकडची मंडळी त्यांच्याच ओट्यावर बसून तुमच्या नागभीडच्या गाडीची वेळ विचारून गेली. पोचू एक, घरे दोन. म्हणजे एका घराची मान खाली जाणार. आई-बाबांच्या मागे आपल्या घरात शब्द तुझा, तेव्हा कोणत्या घराला काय सांगायचे ते तुलाच ठरवावे लागणार. (वीस वर्षे वर्तमानपत्राला बातम्या पाठवून मला वाईट गोष्ट पहिल्या चार ओळींत सांगायची खोड लागली आहे. राग मानू नकोस.)

बाकी तुझी प्रकृती बरी असेल. भाऊजींचा गुडघा कसा आहे? एरंडाचे पान गरम करून बांधा म्हणावे, आणि काही झाले तरी सायकलवर बसू नका म्हणावे. तांबडी गाय व्यायली का? कालवड असेल तर कळव, गोऱ्हा असेल तरी कळव. माझे म्हणशील तर मी ठीक आहे. बसून जेवता येत नाही एवढेच, उभ्याने जेवतो.

या सगळ्याला मुळात फ्रान्स जबाबदार आहे. आमच्या संपादकांच्या हाती तिकडचे एक जुने मासिक लागले. त्यात फोटो होते: गोल टोपीवाला एक गृहस्थ सायकलवरून खेड्यापाड्यांतून चालला आहे, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, रस्ता पाण्याच्या लाटेसारखा वर-खाली, मागे सातशे वर्षांचे देऊळ, हँडलला लांबलचक पाव, आणि चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही. संपादकांनी मला लिहिले की आपल्या चांदा जिल्ह्यात काय कमी आहे? चढ आहेत, उतार आहेत, जुनी गावे आहेत, मार्कंड्याचे देऊळ आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेआधी असाच प्रवास करून लेख पाठवा. आठ दिवसांत. (नागपूरला बसून रस्ते फार सपाट दिसतात.)

एकट्याने जंगलातून जाणे नको म्हणून पोचूला बरोबर घेतले. लाकडाच्या डेपोत कारकून असला तरी शनिवार-रविवार तो रिकामाच असतो, आणि चार वर्षांत तू दाखवलेल्या अकरा मुली नाकारून त्याला विश्रांतीही पुष्कळ झाली आहे. दोघांनी धुतलेली धोतरे नेसली, कारण लेखाबरोबर फोटो जाणार होता. पाव इथे मिळत नाही, म्हणून हँडलला भाकरी आणि पोपट-वालाच्या शेंगांच्या भाजीची शिदोरी बांधली. दिसायला थेट फ्रान्स.

बाई, काय सांगू! सकाळच्या गारव्यात रस्ता असा पळत होता, की मी एक्केचाळीस वर्षांचा आहे हेच विसरलो. दोन्हीकडे पळस पेटलेला, बांध्यांमध्ये कापलेल्या धानाचे खुंट, मध्येच एखादा तलाव चमकून मागे पडायचा. उतार लागला की पोचू दोन्ही पाय हँडलवर ठेवून ओरडत सुटायचा, आणि त्याच्यामागे मीही ओरडत सुटायचो. तो आनंदाने ओरडत होता. माझ्या सायकलला ब्रेक नव्हता. एका उतारावर समोरून बैलबंडी आली. बंडीवाला ओरडला, "अबे, बाजूले व्हा ना! कोन मेलं काय?" त्याचे खरे होते. आपल्याकडे एवढ्या जोरात सायकल फक्त कोणी मेल्याची खबर द्यायलाच धावते. मी उत्तर देईपर्यंत त्याचे बैल तलावात उतरले होते.

चिचपल्लीच्या पुढे दम खायला बसलो, आणि वानरांनी शिदोरी नेली. एकाने भाकर नेली, एकाने भाजी नेली, आणि एक म्हातारा हुप्प्या नुसता येऊन पोचूकडे बघून गेला. (ती बाराव्या मुलीकडची मंडळी असावी असे मी म्हणालो, ते पोचूला आवडले नाही.) पुढचे सारे या भुकेतून घडले, हे ध्यानात ठेव.

मूलच्या अलीकडे जामटोला म्हणून एक गाव आहे. तिथे पिंपळाखाली जुना वीरगळ आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड. आम्ही थांबलो. मी सवयीप्रमाणे वही काढली आणि विचारू लागलो. हे घर कोणाचे, माणसे किती, शेत किती, विहीर कोणी बांधली. आता तूच विचार कर. माघ महिना, लग्नसराई, एक वडीलधारा, एक तरणा, दोघांची धोतरे पांढरी, आणि वहीत घरची माहिती लिहून घेताहेत. फ्रान्समध्ये याला काय म्हणतात ठाऊक नाही. जामटोल्यात याला एकच नाव आहे.

घर डोमाजींचे निघाले. त्यांनी पाय धुवायला पाणी दिले, पोचूला ओसरीत बसवले. मी दगडावरची चित्रे वहीत उतरवायला पिंपळाखाली गेलो, तीच माझी चूक. आपली रीत तुला मी काय सांगावी? मुलगी बघायला गेलेल्या माणसाने बोलणी ठरेपर्यंत त्या घरचे पाणी प्यावे, पान खावे, पण गोडाला हात लावू नये. लावला म्हणजे होकार. पोचूला ही रीत पाठ आहे, अकरा ठिकाणी त्याने पाळली आहे. पण इथे आपण मुलगी बघायला आलो आहोत हेच त्याला ठाऊक नव्हते! त्यांच्या मुलीने, रंभाने, शेवयांची खीर आणून ठेवली आणि याने ती संपवली. दुसरी वाटी आली, तीही संपवली. तिसऱ्या वाटीला आत बायका गाणे म्हणू लागल्या. चौथी त्याने मागून घेतली.

मी परत आलो तेव्हा त्याच्या कपाळावर कुंकू होते आणि डोमाजी मला मिठी मारत होते. "पोरगा मोठा सरळ हाय जी," ते म्हणाले. "बाकीचे लोकं आधी भाव खातेत, मंग खीर खातेत." मी पोचूला बाजूला घेऊन विचारले, अरे मुलगी कशी आहे? तो म्हणाला, "दादा, खीर चांगली होती." चार वर्षांत एखाद्या घराबद्दल त्याने काढलेला हा पहिला बरा शब्द.

मूलच्या पुढे, वैनगंगेच्या बाजूला, माझ्या मागच्या चाकात बाभळीचे तीन काटे शिरले. ठिगळे संपली होती. मी सायकल ढकलत चाललो होतो, तर बोरघाट गावाच्या खळ्यात तणसाचा ढीग रचणारी एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शिकलेले दिसता. म्हनून सायकल घेऊन पायी चालून राह्यले काय?" ती मुखरूजींची बहीण रुखमा. तिने टायर काढायला लावले, ट्यूब माझ्या गळ्यात घातली, आणि धानाचे तणस पिळून पिळून विळ्याच्या मुठीने टायरात असे ठासले, की चाक पुन्हा गोल झाले. (डाव्या अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण आहे, आणि हसताना मान थोडी उजवीकडे जाते. बातमीदाराला असे बारीकसारीक टिपावे लागते.) मी स्वार होऊन गावात शिरलो, तर बोरघाटचे सगळे बैल माझ्या चाकामागे. एकाने मडगार्डपर्यंत जीभ पोचवली. गावाला वाटले, हाही वरातीचाच प्रकार असेल.

मुखरूजींनी ठेवून घेतले. तिथेही खीर आली आणि तिथलीही वाटी रिकामी झाली. कशी झाली ते लांबवत नाही. सकाळी नदी ओलांडून मार्कंड्याचे दर्शन घेतले, कोरीव काम पाहून थक्क झालो, लेख वेळेत पाठवला.

भाऊजींना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
देवाजी

ताजा कलम : पोचूने त्यानंतर डेपोला दांडी मारून दोनदा सायकल काढली. वीरगळ नीट पाहायचा राहिला म्हणतो. त्याला दगडांची आवड कधीपासून लागली, असे मी विचारले नाही. रंभाला होकार दे, तेरावी शोधू नकोस.

आणखी एक, चूकदुरुस्ती म्हणून : बोरघाटला पोचूने खिरीला हातही लावला नाही. त्याचे पोट जामटोल्यातच भरले होते. उपाशी मी होतो. मुखरूजींनी मला आधीच विचारले होते, "आमची रुखमा रांडमुंड झाली त्याले सहा वर्षं झाले. आमच्यात पाट लावतेत. आमच्या घरी खीर खाल्ली म्हनजे काय होते, तुमाले ठाऊक हाय ना जी?" मी म्हणालो, ठाऊक आहे, अजून थोडी वाढा. म्हणजे घरे दोन आणि नवरदेवही दोनच आहेत. कोणाची मान खाली घालायची गरज नाही, फक्त तुझी मान एकदा हलली पाहिजे. हे पत्राच्या सुरुवातीलाच लिहायचे होते, पण बायको गेल्यापासून नऊ वर्षे एकटा राहिलेल्या माणसाला ही बातमी पहिल्या ओळीत लिहिता येत नाही.

शेवटचे : रुखमा खिरीला मानत नाही. निघताना म्हणाली, "खिरीनं मानसाची भूक कळते, मानूस नाई कळत. मी तुमच्या बहिनीलेच विचारीन." रविवारी दुपारच्या गाडीने दोन्ही घरची मंडळी नागभीडला उतरतील, आणि तीही त्यांच्यात असेल. ती तुला बाजूला घेऊन विचारणार आहे, हा माणूस रागावतो का, पितो का, आणि घरी वेळेवर येतो का. पहिल्या दोन प्रश्नांना खरे उत्तर दे.